काळी चारची गिरणी

गिरणी काळी चारमध्ये दळायची. हा शोध माझा नव्हे, आईचा. नारायण पेठेतल्या आमच्या दोन खोल्या तात्यांच्या पिठाच्या गिरणीच्या बरोबर वर होत्या. आई पेटीवर काळी चारची पट्टी दाबून खिडकी उघडायची, आणि खालची घरघर वर येऊन त्या सुरात अशी मिसळायची की भाता सोडला तरी सूर चालूच आहे असं वाटायचं. "फुकटचा तंबोरा आहे," आई म्हणायची, "पण गवयापेक्षा मोठ्याने वाजतो." म्हणून ती रियाज गुरुवारी करायची. गुरुवारी पेठेतली वीज जायची, गिरणी थांबायची आणि अख्ख्या बोळात फक्त आई ऐकू यायची.

मागच्या आठवड्यात तिकडे गेले होते. गिरणीच्या जागी आता मोबाइलची कव्हरं विकायचं दुकान आहे. मी दारात जरा जास्त वेळ उभी राहिले असणार, कारण काउंटरवरच्या माणसाने विचारलं, "काय हवंय मॅडम?"

"गिरणी."

"कुठल्या मॉडेलसाठी?"

दुसरं कोणी असतं तर हसलं असतं. माझं हसण्याशी भांडण आहे आणि ते बरंच जुनं आहे.

त्या गिरणीने आम्हाला कॅलेंडरची गरज ठेवली नव्हती. उन्हाळ्यात वर्षाचे गहू दळायला यायचे, तेव्हा आमच्या पाण्याच्या माठावरसुद्धा पांढरी साय धरायची. श्रावणात वरीचं आणि राजगिऱ्याचं पीठ, त्याला जरा ओलसर वास. दिवाळीच्या आधी चकलीची भाजणी, आणि तो वास जिन्यावरून चढून थेट अंथरुणात शिरायचा. डब्यांची रांग बोळाच्या तोंडापर्यंत जायची, प्रत्येक डब्यावर ऑइलपेंटने आडनाव. आई आंघोळ करून आली तरी तिच्या केसांना पिठाचाच वास यायचा. ती आकाशवाणीवर गायची, गणपतीत गायची, कुणाच्या साठीला, कुणाच्या मुंजीला गायची. नाव मोठं झालं नव्हतं, पण पेठेत "गाणाऱ्या वहिनी" म्हटलं की दुसरं घर कुणी दाखवायचं नाही.

आणि दर गुरुवारी सुधाकाका यायचा. तो बाबांचा शाळेतला मित्र, आईच्या कार्यक्रमांना पेटीची साथ करणारा. तोंडावर मी त्याला अहो-जाहो करायचे. मनात गेली तीस वर्षं अरे-तुरेच करते आणि इथेही करणार आहे.

सुधाकाका सिनेमाला संगीत द्यायचा, पण एका ठरावीक प्रकारच्याच. तेव्हा मराठीत टिंगलीच्या सिनेमांची लाट होती. हिंदीतल्या डाकूंची टिंगल, गुप्तहेरांची टिंगल, देवादिकांच्या पौराणिक चित्रपटांची टिंगल. गावोगावच्या गच्च्यांवरून केबलच्या काळ्या वायरी लोंबायला लागल्या होत्या, घरात बसून जगातलं काहीही दिसायला लागलं होतं, आणि थिएटरात माणूस ओढून आणायचा तर त्याला पोट धरून हसवलंच पाहिजे असं निर्मात्यांनी ठरवून टाकलं होतं. त्या सिनेमांत डाकूचा घोडा म्हणजे दोन माणसं घोंगडीखाली, पण टापा मात्र खऱ्या. त्या टापा आमच्या स्वयंपाकघरात तयार व्हायच्या. सुधाकाका नारळाच्या दोन करवंट्या माझ्या हातात द्यायचा, ओट्यावर वाजवायला लावायचा आणि स्वतः पेटीवर असं काही भीषण वाजवायचा की खरंच दरीतून कुणी येतंय असं वाटावं. मला हसू फुटायचं. मग तो वाजवणं थांबवायचा.

"चिमे, वाजवणाऱ्याने हसायचं नाही. विनोदी सिनेमाचं संगीत विनोदी नसतं. आपण मयताला आल्यासारखं वाजवायचं. हसायचं काम तिकीट काढलेल्यांचं."

मी गाल आत ओढून करवंट्या वाजवायचे. त्याच्या शर्टाला निलगिरीचा आणि सुपारीचा वास यायचा. मला तो फार आवडायचा. हे लिहून ठेवायला हवं, नाहीतर पुढचं सगळं खोटं वाटेल.

मी तेरा वर्षांची असताना त्याने आईला सिनेमात गायला बोलावलं. आईचं ते पहिलंच सिनेमाचं गाणं. आठ दिवस घरात आवाज चढवून कुणी बोललं नाही. आईने गार पाणी बंद केलं, ज्येष्ठमध गालात धरून ती स्वयंपाक करायची. रेकॉर्डिंगला तिने मोरपिशी इंदुरी साडी नेसली, कुणाला दिसणार नव्हती तरी. मी शाळा बुडवून बरोबर गेले. काचेच्या अलीकडे बसले होते. गालिच्याचा कोंदट वास होता आणि एसी इतका गार की माझे दात वाजत होते.

त्या काळात गायकाला सिनेमा दाखवत नसत. संगीतकार सिच्युएशन सांगायचा, ती डोळ्यांपुढे ठेवून गायचं, एवढाच रिवाज. सुधाकाका आईजवळ गेला, हळू बोलला, पण माइक चालू होता म्हणून मला ऐकू आलं.

"वहिनी, अंगाई आहे. एक आई मुलाला सोडून चालली आहे. पुन्हा भेट नाही. तुम्हाला मी आणखी काय सांगू?"

त्याला आणखी सांगायची गरज नव्हतीच. मी पाच वर्षांची असताना मला एक भाऊ झाला होता. तो नऊ दिवस राहिला. बारसं व्हायचं होतं, त्यामुळे त्याला नावसुद्धा नव्हतं. घरात वेखंडाचा आणि धुरीचा वास मात्र पुढे कितीतरी दिवस रेंगाळला. त्याला पोचवायला गेलेल्या चार माणसांत सुधाकाका होता.

आईने डोळे मिटले आणि एका दमात गाणं संपवलं. दोन अंतरे होते. शेवटच्या ओळीला, "परतून आले तर बाळा, ओळखशील ना", तिचा आवाज इतका खाली गेला की व्हायोलिनवाल्या म्हाताऱ्या काकांनी गज मांडीवर ठेवला आणि चष्मा पुसला. दुसरा टेक घ्यावा लागला नाही. घरी येताना आईने मला उसाचा रस पाजला. ती दमलेली होती आणि तिला हलकं वाटत होतं, असं मला तेव्हा वाटलं. आजही वाटतं.

सिनेमा लागला त्या शनिवारी दुपारी तीनच्या खेळाला निम्मी गल्ली आली. तात्यांनी गिरणी बंद ठेवली होती, तीही शनिवारची. भजनी मंडळाच्या बायका गजरे माळून आल्या होत्या. मध्यंतराच्या बटाटेवड्यांचा वास अजून हॉलमध्ये होता तेव्हा ते गाणं आलं.

तो भुताच्या सिनेमांची टिंगल करणारा सिनेमा होता. पडद्यावर वडाचं झाड. झाडाला पाळणा, पाळण्यात मिशाळ, टकला सावकार, अंगठा चोखत. आणि पाळणा हलवायला पांढऱ्या साडीत, उलट्या पावलांनी, एक धिप्पाड नट. त्याने तोंड उघडलं आणि त्यातून माझ्या आईचा आवाज आला. मागून कोल्हेकुई, पैंजण, आणि करवतीवर व्हायोलिनचा गज घासून काढलेलं ते ऊंऽऽ ऊंऽऽ. गाणं एका अंतऱ्यातच कापलं होतं. थिएटर फुटलं. लोक खुर्च्यांच्या पाठी बडवत होते. पुढच्या रांगेतल्या एका बाईंना ठसका लागला.

मीही हसले. आवाज ओळखायच्या आधी हसले, आणि ओळखल्यावरही हसू लगेच थांबलं नाही.

आई आधी सगळ्यांबरोबर थोडी हसली, आपल्याला न कळलेल्या गोष्टीला आपण हसतो तशी. मग तिला कळलं. तिने मान खाली घातली आणि हातातला रुमाल चारपदरी घडी केला, उलगडला, पुन्हा घडी केला. अर्ध्यातून उठणं बरं दिसत नाही म्हणून ती शेवटपर्यंत बसली. बाहेर आल्यावर तात्या म्हणाले, "वहिनी, आवाज मात्र खणखणीत लागलाय हो." ते मनापासूनच बोलत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई मला घेऊन सुधाकाकाकडे गेली. तो दाढी करत होता. एका गालाला साबण तसाच ठेवून बाहेर आला.

"आपण मला सांगितलं नाहीत," आई म्हणाली.

"वहिनी, सांगितलं असतं तर तुम्ही विनोदी गायला असता. मग हसलं कोण असतं?" आणि आईचा चेहरा बघून त्याने आतून एक कॅसेट आणली. "ही तुमची. यात फक्त तुम्ही आणि व्हायोलिन. दोन्ही अंतरे. करवत, कोल्हे काही नाही. दुसरी प्रत कुणाकडे नाही."

आईने कॅसेट घेतली. "आपण फार हुशार आहात," एवढंच म्हणाली. पुण्यात याहून मोठी शिवी नाही.

त्या गुरुवारी वीज गेली, गिरणी थांबली, आणि बोळात काहीच ऐकू आलं नाही. पुढच्या गुरुवारीही नाही. हळूहळू लोकांनी विचारायचं सोडलं. सुधाकाका पुन्हा आमच्याकडे आला नाही. पेटीवर आधी कापड आलं, मग कापडावर इस्त्रीचे कपडे आले.

मी मात्र गप्प बसणाऱ्यांतली नव्हते. सूड म्हणजे काय हे मला त्या वयात नेमकं माहीत होतं. ती कॅसेट म्हणजे त्याचं गाणं, त्याने केलेलं, त्याच्या हातचं. एका दुपारी आई भाजीला गेल्यावर मी कपाटातून ती काढली, टेपरेकॉर्डरमध्ये घातली, टेपरेकॉर्डर खिडकीत ठेवला आणि रेकॉर्डिंगचं तांबडं बटण दाबलं. खाली कुणाची तरी ज्वारी दळली जात होती. त्याचं गाणं मी सरळ गिरणीत घातलं. जिन्यावर आईची चप्पल वाजली तेव्हा बटण सोडलं आणि कॅसेट जागेवर ठेवली. पुन्हा कधी लावून बघितली नाही. आईने लावली नाही, मी लावू दिली नाही.

पुढे आम्ही कर्वेनगरला सोसायटीत आलो. बाबा गेले. मी इंजिनिअर झाले, हिंजवडीला लागले. सकाळी सातला कंपनीची बस, बसमध्ये डिओचा आणि कुणाच्या तरी डब्यातल्या उपम्याचा वास. एक दिवस मागच्या सीटवर कुणाचा तरी मोबाइल वाजला आणि त्यातून आई गायला लागली. करवतीसकट, कोल्ह्यांसकट.

"ए, सासूबाईंचा कॉल आलाय वाटतं," कुणीतरी म्हणालं आणि बस खिदळली.

ती त्या वर्षीची सगळ्यात लाडकी रिंगटोन होती. मीटिंगमध्ये वाजायची, कॅन्टीनमध्ये वाजायची. केबलवर तो सिनेमा दर दोन महिन्यांनी रविवारी दुपारी लागायचाच. आई चॅनल बदलायची. मी दात ओठ खात भांडी विसळायचे. मनात वाक्यं जुळवायचे. तो भेटला तर हे बोलीन, तो समोर आला तर ते बोलीन. माझ्याइतकी तयारी परीक्षेची कुणी केली नसेल.

आणि तो आला. काठी टेकत, दोन मजले चढून. दार मीच उघडलं. एवढ्या वर्षांची जुळवलेली वाक्यं, त्यातलं एकही आठवलं नाही. मी म्हणाले, "या."

आईचे गुडघे तोवर गेले होते, ती खिडकीजवळच्या कॉटवर असायची. तो खुर्चीच्या कडेवर बसला. निलगिरीचा वास तोच.

"वहिनी, पासष्टी आहे माझी. सत्कार करतायत. डाकूचं वाजवणार, गुप्तहेराचं वाजवणार. लोक मला रस्त्यात बघितलं तरी हसतात. मी आयुष्यात एकच गाणं असं केलं की ज्याला कुणी हसू नये. ते तुमच्या कपाटात आहे." मग काठीकडे बघत म्हणाला, "तेव्हा मी चुकलो."

आईने खिडकी लावून घेतली. मग माझ्याकडे वळली. "दे त्यांना. एकदा ऐकू देत लोकांना, न हसता."

मला पहिल्यांदाच कळलं की तिलाही काहीतरी हवं होतं, आणि ते माझ्यापेक्षा वेगळं होतं. कॅसेटमध्ये काय आहे हे मात्र फक्त मलाच ठाऊक होतं.

"काका, कॅसेट आता कोण वाजवतं? मी कॉम्प्युटरवर घेऊन पेन ड्राइव्हवर देते," मी म्हणाले. अगदी गोड आवाजात.

"आयटीवाली झालीस, चिमे," तो म्हणाला. तो माझ्याकडे बघून हसला आणि मी त्याला चहा दिला.

शनिवारी सकाळी आई झोपलेली असताना मी जुना टेपरेकॉर्डर जोडला, हेडफोन लावला. गिरणी सुरू झाली. पट्ट्याचा फटका, जात्याची घरघर, मध्येच तात्यांचा खोकला आणि "डबा सरकव रे." ते पीठ माझ्या नाकात शिरल्यासारखं वाटलं. चार-साडेचार मिनिटं ती दळत राहिली. मग एकदम खट् झालं, मी बटण सोडलं तेव्हाचं, आणि गिरणी गेली.

"परतून आले तर बाळा, ओळखशील ना."

आई. सदतीस-अडतीस वर्षांची. खालचा सूर, त्याच्या शेवटी व्हायोलिनचा एक धागा, आणि मग कुणीतरी नाक ओढल्याचा आवाज. एवढंच उरलं होतं. मी ते किती वेळा ऐकलं, सांगता येणार नाही.

मी विचार केला नाही असं कुणी म्हणू नये. ती एक ओळ जरी दिली असती तरी पुरली असती. तिला काही जोडायला नको होतं, काही सांगायला नको होतं. आई तेवढंच मागत होती. मी स्क्रीनवर कात्रीच्या चिन्हावर बोट नेलं आणि फाइलचे दोन तुकडे केले. ओळ माझ्याकडे ठेवली. गिरणी पेन ड्राइव्हवर घातली आणि फाइलला गाण्याचं नाव दिलं.

सत्कार संध्याकाळी सहाचा, पेन ड्राइव्ह मी तिथे पोचल्यावरच साउंडवाल्याच्या हातात दिला. सभागृह भरलं होतं, जिन्यातही माणसं होती. मी दुसऱ्या रांगेत कडेची खुर्ची धरली, त्याला दिसेल अशी. शाल झाली, श्रीफळ झालं, डाकूचं संगीत झालं, हशा झाला. मग तो काठी बाजूला ठेवून माइकसमोर उभा राहिला.

"आता एक विनंती. आता हसायचं नाही. ही अंगाई आहे. एक आई मुलाला सोडून चालली आहे."

सगळे गंभीर झाले. काही बायकांनी पदर सावरला. दिवे मंद झाले आणि गिरणी सुरू झाली.

पहिले दहा सेकंद लोक खरंच ऐकत होते. एकाने तर मान डोलावली. मग मागून कुणाचं तरी हसू सुटलं, आणि मग अख्खं सभागृह कोसळलं. सबंध संध्याकाळभर एवढा हशा झाला नव्हता. त्याला हे माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. सांगणारा जितका गंभीर, तितकं हसू मोठं, हे त्यानेच मला ओट्यावर शिकवलं होतं. तात्यांच्या खोकल्याला तर टाळ्या पडल्या. खांद्यावरची शाल घसरून पायाशी पडली तरी त्याने उचलली नाही. आधी तो थोडा हसला, सगळ्यांबरोबर. मग त्याची नजर मला शोधायला लागली. मी हात मांडीवर ठेवून बसले होते. मी हसले नाही. मयताला आल्यासारखी बसले होते.

तो चेहरा बघायला मी वीस वर्षं थांबले होते. मला फार बरं वाटलं. हे मी लपवत नाही.

नंतर गर्दी पांगल्यावर तो दारापाशी भेटला. आवाज शांत होता. "चिमे, सिच्युएशन तरी सांगायची होतीस."

"सांगितली असती तर तुमचा चेहरा विनोदी झाला असता, काका. मग हसलं कोण असतं?"

त्याने मान हलवली, दोनदा. "गिरणी काळी चारच आहे अजून," म्हणाला, आणि काठी टेकत पायऱ्या उतरायला लागला. मी त्याला रिक्षापर्यंत सोडलं नाही. पुढच्या पावसाळ्यात तो गेला. पेपरात आलं की सत्काराच्या दिवशीसुद्धा या अवलियाने गिरणी ऐकवून शेवटची फिरकी घेतली. माझा सूडही लोकांनी त्याचाच विनोद म्हणून लक्षात ठेवला. तो पेपर मी आईच्या हाती लागू दिला नाही.

आई गेली त्याला आता तीन वर्षं झाली. ती ओळ माझ्या मोबाइलमध्ये आहे. मागच्या आठवड्यात त्या दुकानासमोर उभी असताना मी ती कानाला लावली. बोळात स्कूटर होत्या, कुकरच्या शिट्ट्या होत्या, कुणाचा तरी टीव्ही होता. पिठाचा वास कुठेच नव्हता. त्या दिवशी सभागृहात चार-पाचशे माणसं होती आणि ती ऐकायच्या तयारीने बसली होती. ही ओळ लावली असती तर त्यांतलं एकही हसलं नसतं. एवढी माणसं मी आता कुठून आणू?

सत्काराहून त्या रात्री घरी आले तेव्हा आई जागी होती. टीव्ही बंद होता. तिने केस विंचरले होते आणि कॉटवर उशीला टेकून बसली होती.

"लावलं?"

"लावलं."

"पूर्ण?"

"पूर्ण. दोन्ही अंतरे."

मग माझ्याकडे न बघता तिने विचारलं, "कोणी हसलं?"

"नाही आई. कोणीच नाही."

"मग झालं," आई म्हणाली. तिने उशी सरळ केली, भिंतीकडे कूस वळवली, आणि मी दिवा मालवेपर्यंत अगदी हळू, काळी चारमध्ये, काहीतरी गुणगुणत राहिली.